रामदेवरावाचे राज्य : वैभव कोणाचे, वेठ कोणाची?

आमच्या परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यात, चारठाणा नावाचे गाव आहे. जुन्या देवळांचे गाव म्हणून ते ओळखले जाते. तिथे कोणालाही विचारा, ही देवळे कोणी बांधली? उत्तर ठरलेले असते, हेमाडपंताने. काही जण तर एका रात्रीत बांधली असेही सांगतात. दगड कोणी फोडला, कोणी वाहून आणला, चुन्याशिवाय दगडावर दगड कोणी बसवला, हे मात्र कोणी सांगत नाही. प्रधानाचे नाव सातशे वर्षे टिकले. पाथरवटाचे, वडाराचे आणि वेठबिगाऱ्याचे नाव सात दिवसही टिकले नाही. इतिहास लिहिणारा कोण आणि इतिहास घडवणारा कोण, हा प्रश्न आम्हाला त्या देवळांसमोर उभे राहिले की नेहमी पडतो.

अलीकडे देवगिरीच्या यादवांच्या नावाने पुष्कळ भाषणे होतात. ते आपले सुवर्णयुग होते, ते परकीयांनी दगा देऊन बुडवले, आणि तेच पुन्हा आणायचे आहे, असा या भाषणांचा सूर असतो. आमची तरुण मुले आम्हाला विचारतात की या राज्यात आपण कुठे होतो? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शिव्या देऊन मिळणार नाही आणि आरत्या ओवाळूनही मिळणार नाही. आम्ही वकिली करतो. कोर्टात जसा कागद वाचतो, साक्ष तपासतो, तसाच इतिहासही तपासला पाहिजे. म्हणून आज आम्ही त्या राज्याच्या शेवटच्या मोठ्या राजाची, रामचंद्रदेव ऊर्फ रामदेवरावाची, हकीकत वाचकांपुढे ठेवत आहोत.

हे घराणे काही आकाशातून पडले नव्हते. नवव्या शतकात दृढप्रहार नावाचा एक लढवय्या नाशिकच्या बाजूला पुढे आला. लोकांचे लुटारूंपासून रक्षण करून त्याने आपले बस्तान बसवले. त्याचा मुलगा सेउणचंद्र. त्याच्या नावावरून त्या मुलखाला सेउणदेश म्हणू लागले. पुढची तीनशेच्या आसपास वर्षे हे लोक मांडलिक होते, आधी राष्ट्रकूटांचे आणि मग कल्याणीच्या चालुक्यांचे. सिन्नर ही त्यांची जुनी राजधानी. धन्याच्या लढाया लढायच्या, त्या बदल्यात मुलूख सांभाळायचा, असा हा व्यवहार होता. बाराव्या शतकाच्या शेवटी चालुक्यांची सत्ता खिळखिळी झाली तेव्हा पाचव्या भिल्लमाने संधी साधली. इ. स. ११८७ च्या सुमारास तो स्वतंत्र झाला आणि देवगिरीला त्याने राजधानी केली. त्याच्या मागून आलेल्या जैतुगीने वरंगळच्या काकतीयांना हरवले. त्यानंतरचा सिंघण हा या घराण्यातला सर्वांत पराक्रमी राजा. १२४६ पर्यंत त्याने राज्य केले. कोल्हापूरच्या शिलाहारांचे राज्य त्याने घेतले, दक्षिणेत खोलवर मजल मारली. शेजारच्या अंबाजोगाईला त्याचा ब्राह्मण सेनापती खोलेश्वर याचे नाव शिलालेखांतून आजही वाचता येते.

जे चांगले ते चांगलेच म्हटले पाहिजे. सिंघणाच्या दरबारात शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर हा ग्रंथ लिहिला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघणाचा ज्योतिषी होता, आणि आजोबांच्या गणित-ज्योतिषाच्या ग्रंथांचा अभ्यास व्हावा म्हणून चाळीसगावजवळ पाटण येथे मठ स्थापन झाला. तसा १२०७ चा शिलालेख आहे. विद्या होती, कला होती, व्यापार होता, हे आम्ही नाकारत नाही. आम्ही एवढेच विचारतो की त्या मठाच्या दारात कोणाच्या मुलाला बसता येत होते?

आता पुराव्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. या घराण्याचा सलग इतिहास आपल्याला मुख्यत्वे कुठून मिळतो? ताम्रपट आणि शिलालेख तर आहेतच. पण राजांची मोठी वंशावळ हेमाद्रीच्या चतुर्वर्गचिंतामणी या ग्रंथातल्या व्रतखंडाच्या सुरुवातीला येते. हा हेमाद्री म्हणजेच आमचा हेमाडपंत. म्हणजे राजांची कहाणी व्रतवैकल्यांच्या पोथीची प्रस्तावना म्हणून आली! त्या प्रशस्तीत राजघराण्याचा वंश थेट यदुकुळाशी जोडला आहे. मथुरा, द्वारका आणि मग दक्षिण, असा तो प्रवास आहे. सत्ता मनगटाने मिळवायची आणि तिला वंशाची मान्यता मात्र पोथीवाल्याकडून घ्यायची, हा या देशातला जुना रिवाज आहे. १६७४ साली रायगडावर छत्रपती शिवरायांनाही याच दारातून जावे लागले, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

सिंघणानंतर त्याचा नातू कृष्ण गादीवर बसला. १२६१ साली कृष्ण वारला तेव्हा त्याचा मुलगा रामचंद्र लहान होता. म्हणून कृष्णाचा धाकटा भाऊ महादेव राजा झाला. महादेवाने उत्तर कोकणच्या शिलाहारांचे राज्य जिंकले. शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर समुद्रावरच्या लढाईत बुडाला असे ग्रंथांत येते. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर येथे जे वीरगळ आहेत, त्यांवर कोरलेल्या नौका याच लढाईच्या असाव्यात असे अनेक अभ्यासक मानतात. महादेव १२७१ मध्ये गेला. न्यायाने गादी पुतण्या रामचंद्राकडे यायला हवी होती, पण बसला महादेवाचा मुलगा आमण.

रामचंद्राने ही गादी कशी मिळवली ती हकीकत एखाद्या तमाशातल्या वगासारखी आहे. देवगिरीचा किल्ला चढून घेणे अशक्य. कडा तासलेला, वाट एकच. तेव्हा रामचंद्र आणि त्याचे साथीदार नाचणाऱ्या-गाणाऱ्यांच्या ताफ्याच्या वेशात किल्ल्यात शिरले. आमण करमणुकीत दंग असताना त्यांनी त्याला पकडले. त्याचे डोळे काढले असे सांगितले जाते. चुलतभावाच्या अंधारावर रामदेवरावाचे चाळीस वर्षांचे राज्य उभे राहिले. येथे एक बारीक गोष्ट पाहा. राजाला किल्ल्यात शिरायचे होते तेव्हा नाचणाऱ्यांचा वेश चालला. गादीवर बसल्यावर मात्र त्या नाचणाऱ्या जमाती व्यवस्थेत जिथे होत्या तिथेच राहिल्या. गरज होती तेवढ्यापुरता त्यांचा वेश उपयोगाचा!

सुरुवातीची वर्षे रामदेवरावाने लढायांत घालवली. माळव्यावर स्वारी केली. होयसळांच्या राजधानीकडे फौज पाठवली, तिने लूट आणली, पण मुलूख टिकला नाही. पूर्वेला भंडारा, वैरागडपर्यंत त्याची सत्ता पोचली. १३१० सालचा एक मोठा ताम्रपट शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यात गोदाकाठच्या पुरुषोत्तमपुरी येथे मिळाला. त्यात रामदेवरावाच्या विजयांची लांबलचक यादी आहे, अगदी काशी मुक्त केल्यापर्यंत. राजाच्या स्तुतीसाठी कोरलेल्या पत्र्यावर किती विश्वास ठेवायचा, हे कोर्टात उभ्या राहणाऱ्या माणसाला कळते. स्वतःच्या बाजूचा साक्षीदार स्वतःला कधी हरलेला दाखवत नाही. पण त्याच ताम्रपटातला दुसरा भाग मात्र आम्हाला पूर्ण विश्वासाचा वाटतो, कारण तो व्यवहाराचा आहे. राजाचा प्रधान पुरुषोत्तम याने काही गावे एकत्र करून त्यांचे अग्रहार केले आणि ते ब्राह्मणांना दान दिले. पुरुषोत्तमपुरी हे नाव त्यावरूनच पडले.

अग्रहार म्हणजे काय, हे आजच्या मुलांना नीट समजावून सांगितले पाहिजे. गावची जमीन, तिचा सारा, तिच्यावरचे हक्क ब्राह्मण कुटुंबांच्या नावे लावून देणे म्हणजे अग्रहार. ताम्रपटात दान देणाऱ्याचे नाव असते, घेणाऱ्यांची नावे आणि गोत्रे असतात, गावाच्या चतुःसीमा असतात. नसते ते त्या जमिनीत राबणाऱ्याचे नाव. आम्ही रोज सात-बारा वाचतो. सात-बारावर निदान पीकपाहणी असते, वहिवाटदाराला नोंद मागता येते. तेराव्या शतकातल्या त्या तांब्याच्या सात-बारावर कसणाऱ्याचा रकानाच नव्हता.

हा रकाना का नव्हता, याचे उत्तर हेमाद्रीच्या पोथीत आहे. हेमाद्री हा महादेवाचा आणि मग रामदेवरावाचा श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या दप्तराचा प्रमुख. त्याच्याकडे हत्तीदळाचाही अधिकार होता. माणूस विद्वान होता यात शंका नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर त्याने टीका लिहिली. पण त्याचा मुख्य ग्रंथ चतुर्वर्गचिंतामणी. त्यात कोणत्या तिथीला कोणते व्रत करावे, कोणाला काय दान द्यावे, श्राद्ध कसे घालावे, प्रायश्चित्त काय घ्यावे याचा अफाट संग्रह आहे. वर्षाचे दिवस ३६५ आणि व्रते त्याहून कितीतरी अधिक. प्रत्येक व्रताच्या शेवटी ब्राह्मणभोजन आणि दक्षिणा. राज्याचा जमाखर्च ज्याच्या हातात, धर्माचा जमाखर्चही त्याच्याच हातात. याला आम्ही सत्तेचा आणि पोथीचा संसार म्हणतो.

वकील म्हणून आणखी एक नोंद करतो. याच परिसरात, यादव ज्यांचे मांडलिक होते त्या कल्याणीच्या चालुक्य राजाच्या काळात, विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. वारसाहक्काचा तो ग्रंथ इंग्रजांच्या कोर्टांनी उचलला आणि देशाच्या मोठ्या भागावर लागू केला. मुलीला वडिलार्जित मिळकतीत जन्मतः हक्क मिळायला २००५ ची दुरुस्ती यावी लागली. त्या आधी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी जीव तोडून प्रयत्न केला आणि ते रखडवले गेले म्हणून १९५१ साली मंत्रिपद सोडले. राजे मरतात, किल्ले पडतात. पण पोथी एकदा कायदा झाली की ती आठशे-नऊशे वर्षे माणसांच्या डोक्यावर बसून राहते. म्हणून आम्ही लढायांपेक्षा पोथ्यांकडे अधिक लक्ष द्या, असे सांगतो.

मग या राज्यात कोणी बोललेच नाही काय? बोलले. आणि जे बोलले त्यांचीच नावे आज मराठी माणसाच्या तोंडी आहेत. चक्रधरस्वामी याच काळात मराठवाड्यात आणि विदर्भात फिरत होते. संस्कृत सोडून ते लोकांच्या मराठीत बोलले. स्त्रियांना, शूद्रांना त्यांनी जवळ केले, विटाळ मानला नाही. त्यांच्या आठवणी म्हाइंभटाने लीळाचरित्रात गोळा केल्या. तो मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानला जातो. महानुभाव परंपरा सांगते की दरबारातल्या कर्मठांनी, त्यात हेमाद्री मुख्य, चक्रधरांचा छळ केला. १२७४ च्या सुमारास ते या मुलखातून दिसेनासे झाले. आम्ही येथे परंपरा सांगते असेच म्हणतो, कारण हा आरोप एका बाजूच्या साक्षीवर उभा आहे. पण ज्याच्या पोथीला धोका होता त्याच्याचकडे संशयाची सुई वळावी, यात नवल काय?

आळंदीच्या कुलकर्ण्याच्या घरची चार पोरे घ्या. बाप संन्यास सोडून संसारात परतला म्हणून त्या मुलांना वाळीत टाकले, मुंजीचा अधिकार नाकारला. ब्राह्मणाच्या घरात जन्मलेल्या मुलांची ही गत, तर बाकीच्यांची काय असेल! त्यातल्याच ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवाशात ज्ञानेश्वरी पुरी केली आणि तिच्या शेवटी रामचंद्र यादवाचा राजा म्हणून उल्लेख केला. सुवर्णयुगवाले हा उल्लेख मोठ्या अभिमानाने दाखवतात. त्या राजाच्या राज्यात या मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणला का जावे लागले, ते मात्र सांगत नाहीत.

आणि आमच्या गंगाखेडच्या जनाबाई! गोदाकाठच्या या शूद्र घरातल्या मुलीला लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी कामाला ठेवले गेले. दळण, कांडण, शेण, पाणी यांत तिचा जन्म गेला. त्या घरचा मुलगा नामदेव शिंप्याचा. नामदेवांची नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे, पण १ मे १९९९ पर्यंत ती आमच्याच परभणी जिल्ह्यात होती. गोरोबा कुंभार, सावता माळी, आणि मंगळवेढ्याचे चोखोबा महार, त्यांच्या घरच्या सोयराबाई. मराठी भाषेचे वैभव म्हणून जे सांगतात ते या माणसांनी दिले. हेमाद्रीने आपली पोथी संस्कृतात लिहिली. जनाबाईंनी आपले दुःख जात्यावर मराठीत सांगितले. सातशे वर्षांनी लोकांच्या तोंडी कोण आहे?

पंढरपूरच्या देवळात १२७३ ते १२७७ या काळातला एक मोठा शिलालेख आहे. त्याला चौऱ्याऐंशीचा लेख म्हणतात. देवळाला देणग्या देणाऱ्यांची ती यादी. त्यात राजा रामचंद्र आहे, हेमाद्रीही आहे. चोखोबांना मात्र त्या देवळाचा उंबरा ओलांडता आला नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून ते १३३८ मध्ये गेले असे सांगतात. त्यांची समाधी महाद्वाराच्या बाहेर, पायरीशी. ते देऊळ अस्पृश्यांसाठी उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावे लागले. शिलालेखापासून हिशेब केला तर ६७० वर्षे. चोखोबांचा मार्ग हा आमचा मार्ग नाही. आम्ही देवळाची पायरी सोडून तथागताच्या वाटेने आलो. तरीही बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्य मूळचे कोण, या आपल्या ग्रंथाची अर्पणपत्रिका नंदनार, रविदास आणि चोखोबा या तिघांच्या नावाने लिहिली, हे विसरता कामा नये.

आता रामदेवरावाच्या आयुष्यातले ते वर्ष, १२९६. दिल्लीच्या सुलतानाचा पुतण्या आणि जावई अल्लाउद्दीन खलजी आठेक हजार घोडेस्वार घेऊन विंध्य ओलांडून एलिचपूरमार्गे देवगिरीवर आला. शेकडो मैल शत्रू चालून येतो आणि राजधानीला पत्ता नाही! राजपुत्र शंकरदेव मुख्य फौज घेऊन बाहेर. लासूरच्या बाजूला कान्हा नावाच्या सरदाराने वाट अडवली. त्याच्या बरोबर दोन स्त्रियाही हत्यार घेऊन लढल्या, असे फारसी इतिहासकार इसामी सांगतो. त्या स्त्रियांची नावे आम्हाला मिळत नाहीत. पुन्हा तोच रिकामा रकाना! तो अडसर मोडला आणि अल्लाउद्दीनने शहर लुटले. राजा किल्ल्यात जाऊन बसला. दिल्लीहून आणखी वीस हजारांची फौज मागून येत आहे अशी आवई अल्लाउद्दीनने उठवली. घाबरून राजाने तहाची बोलणी सुरू केली.

तेवढ्यात शंकरदेव परतला आणि लढाईला उभा राहिला. त्याची सरशी होत होती. पण किल्ल्यावर नजर ठेवायला बसलेली शत्रूची तुकडी धुरळा उडवत मैदानात आली, ती दिल्लीची नवी फौजच आहे असे वाटून यादवांची फळी फुटली. इकडे किल्ल्यात धान्य म्हणून घाईने चढवलेली पोती उघडली तर आत मीठ! ही हकीकत फिरिश्ता सांगतो. त्यानेच खंडणीत सहाशे मण सोने दिल्याचा आकडा दिला आहे. तो फुगवलेला असेल, पण लूट प्रचंड होती हे खरे. एलिचपूरचा महसूलही द्यावा लागला. त्याच पैशाच्या बळावर अल्लाउद्दीनने सासऱ्याचा खून करून दिल्लीची गादी बळकावली. म्हणजे चुलत्याचा खून करणारा एक, आणि चुलतभावाची गादी घेणारा दुसरा. या लढाईला केवळ धर्मयुद्ध म्हणणाऱ्यांनी दोघांची कुंडली एकदा शेजारी ठेवून पाहावी.

पुढची गोष्ट तर सुवर्णयुगवाले सांगतच नाहीत. खंडणी थकली म्हणून १३०७-०८ मध्ये मलिक काफूर चालून आला. रामदेवराव कैद होऊन दिल्लीला गेला. तिथे सुलतानाने त्याचा सन्मान केला, राय-ए-रायान हा किताब दिला, वर एक लाख टंके देऊन परत पाठवले. त्यानंतर हा राजा मरेपर्यंत सुलतानाशी एकनिष्ठ राहिला. काफूरच्या फौजा वरंगळवर आणि होयसळांवर चालून गेल्या तेव्हा त्यांना रसद आणि वाट देवगिरीने पुरवली. ज्या १३१० च्या ताम्रपटात काशी मुक्त केल्याची फुशारकी आहे, तो कोरला गेला तेव्हा राजा दिल्लीचा मांडलिक होता! १३११ च्या सुमारास तो वारला. शंकरदेवाने मान वर केली आणि १३१३ मध्ये तो मारला गेला. जावई हरपालदेवाने शेवटचे बंड केले. १३१८ च्या सुमारास त्याला हालहाल करून मारण्यात आले. भिल्लमापासून सव्वाशे-एकशेतीस वर्षांत स्वतंत्र राज्याचा खेळ आटोपला. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने तिथे राजधानी आणली आणि देवगिरीचे दौलताबाद झाले.

हे राज्य का पडले? गाफीलपणा होता, हेरखाते झोपले होते, शत्रूचे घोडदळ चपळ होते. ही कारणे खरी आहेत. एकाच कारणावर निकाल देणे बरोबर नाही, आणि जातिव्यवस्थेमुळेच सगळे झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण बाबासाहेबांनी जातिसंस्थेच्या उच्छेदनावरच्या १९३६ च्या निबंधात जो मुद्दा मांडला तो येथे लागू पडतो. चातुर्वर्ण्याने बहुसंख्य लोकांच्या हातातून शस्त्र काढून घेतले, शिक्षण काढून घेतले, आणि एकमेकांविषयीची आपुलकीही काढून घेतली. ज्या गावावर आपला हक्क नाही, ज्या देवळात आपल्याला प्रवेश नाही, ज्या बारवेच्या पायऱ्या आपण घडवल्या पण जिच्या पाण्याला शिवता येत नाही, त्यासाठी माणसाने जीव का द्यावा? राजा बदलला तर वेठ बदलत नव्हती. खंडणी देवगिरीला द्यायची की दिल्लीला, एवढाच फरक. सहाशे मण सोने किल्ल्यात होते आणि लढणारी माणसे किल्ल्याखाली पांगत होती, यातच सगळे आले.

येथे आमच्या माणसांनाही दोन शब्द सांगतो. समोरचे खोटे सांगतात म्हणून आपण पुराव्याशिवाय बोलू नये. प्रत्येक हेमाडपंती देऊळ म्हणजे मूळचा विहारच, असे ठोकून देऊ नये. जिथे पुरावा आहे तिथे छातीठोक सांगावे, नाही तिथे शोध घ्यावा. आपल्याजवळ भक्कम पुरावा थोडा आहे काय? देवगिरीपासून जवळच वेरूळ आहे. तिथली पहिली बारा लेणी बौद्ध आहेत. चुना न वापरता दगडावर दगड बसवण्याची जी कला हेमाडपंताच्या नावावर खपते, ती त्याच्या जन्माआधीच्या अंबरनाथच्या देवळातही दिसते. कारागिरांची ती परंपरा जुनी होती. नाव फक्त प्रधानाचे लागले. एवढे सत्य हातात असताना आपल्याला खोट्याची गरज नाही.

आणि शेवटी त्याच किल्ल्याच्या दाराशी जाऊ. १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांबरोबर वेरूळ पाहायला निघाले होते. वाटेत ते दौलताबादचा किल्ला पाहायला थांबले. प्रवासाच्या धुळीने माखलेले हात-पाय-तोंड काहींनी दरवाजाबाहेरच्या हौदातल्या पाण्याने धुतले. एका वृद्ध मुसलमानाने आरडाओरडा केला की धेडांनी हौद बाटवला. जमाव जमला, शिवीगाळ झाली. शेवटी आत जायची परवानगी मिळाली ती एका अटीवर, किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही. आणि शिवतात की काय हे पाहायला हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. रामदेवराव जाऊन तेव्हा सव्वासहाशे वर्षे झाली होती. यादव गेले, खलजी गेले, तुघलक, बहमनी, निजामशाही, मोगल गेले, हैदराबादच्या निजामाचे राज्य चालू होते. किल्ल्यावरची निशाणे इतक्यांदा बदलली, पण हौदाचा नियम बदलला नाही. हिंदूंनी घडवलेली अस्पृश्यता मुसलमानांनीही उचलली होती. महाडला १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी पिऊन ज्यांनी इतिहास घडवला, त्यांना सात वर्षांनी देवगिरीच्या पायथ्याशी शिपायाच्या पहाऱ्यात फिरावे लागले.

तो नियम कोणी मोडला? राजाने नाही, सुलतानाने नाही. २६ जानेवारी १९५० रोजी लागू झालेल्या संविधानाने तो मोडला. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. कलम १३ ने सांगितले की मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला जुना कायदा तेवढ्यापुरता रद्द. हेमाद्रीच्या पोथीला मिळालेले उत्तर ते हेच. त्याच वर्षी बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केले. ज्यांना पाटणच्या मठाच्या ओसरीवरही कोणी उभे केले नसते त्यांची मुले तिथे शिकली, आणि आमच्यासारखे लोक काळा कोट घालून कोर्टात उभे राहिले ते त्याच वाटेने.

म्हणूनच १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली तेव्हा आमच्या वस्त्या पेटून उठल्या. त्यानंतर धरपकड झाली आणि कायद्याचे शिक्षण घेणारा आमचा एक तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. काच आणि कागदासाठी एवढे कशाला, असे तेव्हा काही जण म्हणाले. त्यांना आम्ही सांगतो, देवगिरीचा हौद आठवा. आमच्यासाठी ती काच नव्हती. ज्या नोंदवहीत सातशे वर्षांत पहिल्यांदा आमच्या नावाचा रकाना उघडला, ती वही होती.

रामदेवरावाचे राज्य इतिहासात राहू द्या. त्याचा अभ्यास करा, चारठाण्याची देवळे सांभाळा, जुन्या बारवांतला गाळ काढा, ते आपल्याच पूर्वजांच्या हातांचे काम आहे. पण ते राज्य परत आणण्याची भाषा कोणी केली तर त्याला एकच प्रश्न विचारा. त्या राज्यात पाणी कोणाला मिळेल? याचे उत्तर मिळेपर्यंत आम्ही आमचे संविधान सोडणार नाही आणि उत्तर मिळाल्यावर तर मुळीच नाही.

जय भीम!